पासंग

बोरा बाजारच्या तोंडाशी माझं टेबल, दोन फूट बाय तीन.
काचेखाली ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, चौकोनी दोन आणे,
आणि वेगळ्या डबीत, कापसावर,
टाकसाळीच्या चुका.

चुकीला भाव असतो, इजेला नसतो.
एवढं शिकवायला हकीमुद्दीन शेठनी अकरा वर्षं घेतली.
"तुझी नजर माझ्या पासंगालाही पुरायची नाही," म्हणायचे,
आणि भिंग पुढे सरकवायचे.
"ठसा घसरला तर धातू वाहतो,
उतू गेलेलं दूध पातेल्याच्या कडेला थिजावं तसा.
मागाहून बसलेला घाव नुसता ढकलतो.
बघ, लकाकी वळलीय की तुटलीय?"

रुळावर चेपलेली, ताईतासाठी टोचलेली,
स्क्रू पिळून पिळून झिजलेली, आम्लात बुडवून बारीक केलेली
सगळी येतात माझ्याकडे.
मोबाइलवर कुणीतरी लाखाचा आकडा सांगितलेला असतो.
मी दिवसातून सहा वेळा नाही म्हणतो.
त्याचीही एक रीत आहे :
नाणं आधी परत हातात द्यायचं,
मग बोलायचं.

द्वारका मेस्त्री आल्या त्या मंगळवारी, भर दुपारी.
रुमालाच्या गाठीत एक रुपया. अठ्ठ्याहत्तरचा, मोठा.
सालाखाली हिरा, म्हणजे इथलाच,
हाकेच्या अंतरावर जन्मलेला.
कडेचा एक घास कुणीतरी घेतलेला.
"जावई म्हणतो, असलं नाणं चुकून निघतं. खरंय?"

निघतं.
ठशाआधीच चकती कापली गेली
तर बरोब्बर समोरची कड दुबळी पडते.
इकडे धातू कमी, म्हणून दाब निसटतो,
तिकडची किनार धड उठतच नाही.
जन्माचं उणं असं
पलीकडच्या काठावर वाचायचं असतं.

मी रुपया फिरवला.
समोरची कड ठसठशीत, दातेरी, पुरी.
म्हणजे आधी तो बंदा होता.

नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.
"टाकसाळीचं नाही, बाई. कानस लावलीय."
त्या उठल्या नाहीत.
"कुठली कानस?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
पुन्हा भिंग लावलं.
बारीक दात. अर्धगोल. घाई कुठेच नाही.
चारदा घासून थांबलाय, मग दोनदा,
मग एकदाच,
आणि शेवटची रेघ तर केसाएवढी.
"मोजून घासलंय कुणीतरी," मी म्हणालो.

"काटे दुरुस्त करायचे हे," त्या म्हणाल्या,
"मशीद बंदरला, दाणेवाल्यांचे.
पारडं एकीकडे झुकलं की खालून पासंग बांधायचे.
शिसं संपलं असेल तेव्हा..."
पुढे बोलल्या नाहीत.
कापल्या जागेत अंगठा ठेवून बघितला.
सैल झाला.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं,
"वजन करून सांगू? आठ ग्रॅमचा असतो हा रुपया,
किती उतरवला ते कळेल."
माझ्या छोट्या इलेक्ट्रिक काट्याकडे त्यांनी
मान तिरकी करून पाहिलं,
बहुतेक घरातली जुनी सवय.
"तुमचा काटा खरा आहे का पण?"

रुमालाला गाठ मारून गेल्या.
जावयाला काय सांगणार होत्या, विचारायचं राहिलं.

दिवेलागणीला टेबल आवरताना
काट्यावरची धूळ पुसली, बटण दाबलं.
वर काहीच नाही, नुसतं पारडं,
आणि आकडा शून्य पूर्णांक शून्य तीन.
पुन्हा दाबलं. तेवढाच.

किती वर्षं असंच चाललंय देव जाणे.
उलटा करून, भिंग लावून बघितला,
जन्माचं की मागाहूनचं.
वरचा दिवा अंधूक होता.
शेजारचा घड्याळवाला शटर ओढत म्हणाला,
काय शेठ, आज काट्याचीच पारख?